सिस्टरचा कागद

१९७३ साली मी सातारा जिल्ह्यातून पुण्याला नर्सिंगला आले, तेव्हा जवळ मॅट्रिकची गुणपत्रिका आणि एक पत्र्याची ट्रंक होती. शिकताना स्टायपेंड मिळायचा, म्हणून वडिलांनी पाठवलं. आजीनं मात्र निघताना विचारलं, "लोकांची घाण काढायला शिकायला कशाला लागतं गं?"

आजीचा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. बाळंतिणीचं काम विटाळाचं मानून आपण ते पिढ्यानपिढ्या सुईणींवर ढकललं होतं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना दत्तक मुलगा यशवंतच्या दवाखान्यात नेत राहिल्या आणि १० मार्चला त्याच रोगानं गेल्या. त्यांच्याकडे या कामाचं कसलं प्रमाणपत्र होतं? बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि पुढे तिथल्या बायका, त्यांत विधवाही, नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. सोवळ्या घरातली बाई परक्याची नाडी धरणार म्हणजे काय, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. परीक्षा पास झाल्याच्या कागदानं तिला विद्या दिली, हातात पगार दिला आणि नावं ठेवणाऱ्यांना द्यायला उत्तरही दिलं.

गंमत म्हणजे तिकडे इंग्लंडात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल नर्सच्या सरकारी नोंदणीच्या विरोधात होत्या. स्वभाव परीक्षेत मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मागे, १९१९ मध्ये, तिथे कायदा झालाच. आपल्या मुंबई प्रांतात तो १९३५ मध्ये आला. १९४६ साली देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं हिशेब मांडला : ४३,००० माणसांमागे एक नर्स. आणि त्याच वर्षी दिल्लीला आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. माणसं पुरत नाहीत म्हणून दार रुंद करायचं, की काम अवघड आहे म्हणून उंबरा उंच करायचा, हा वाद तेव्हापासूनचा.

माझा कौल एका नाइट ड्युटीत ठरला. पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट सारखा चुळबुळत होता. बीपी ठीक, नाडी मात्र तासातासाला चढती. मी डॉक्टरांना उठवलं. "बीपी ठीक आहे ना? मग?" मला काही सांगता येईना. पहाटे त्याला पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं. आत रक्तस्राव होत होता. वाचला बिचारा.

चौतिसाव्या वर्षी पोस्ट बेसिक बीएस्सीला, म्हणजे डिप्लोमानंतरच्या पदवीला, बसले, तेव्हा वर्गात उलगडा झाला. रक्त कमी व्हायला लागलं की शरीर आधी नाडी वाढवून दाब सावरून धरतं. दाब पडतो तो उशिरा. माझ्या बोटांना हे त्या रात्रीच कळलं होतं, तोंडाला सांगता आलं नव्हतं. त्यानंतर डॉक्टरांना उठवलं की मी आकडे सांगायची, कारण सांगायची, आणि ते चपला शोधायला लागायचे.

म्हणून पदवी हवी, असंच मी म्हणेन. पण १९७३ मध्ये तीच अट असती, तर माझी ट्रंक गावातून हलली नसती. आजही तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली आणि चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी एकाच वॉर्डात शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि त्यातली पहिली बहुधा माझ्यासारख्याच घरातून आलेली असते. मला शिकायची रजा तिसऱ्या अर्जाला मिळाली. पदवी सक्तीची करायची असेल, तर आधी ती रजा सक्तीची करा.