हद्दीपलीकडचा हिशेब

आजऱ्यापासून संकेश्वरापर्यंत कुठेही हवामानबदलाचा विषय काढा, दोन उत्तरे तयार असतात. एक, हा धूर श्रीमंत देशांनी सोडला, तो त्यांनीच निस्तरावा. दुसरे, आपल्या हातून काही व्हायचे असेल तर ते आपल्या शिवारातच होईल. राज्यांच्या आणि देशांच्या हद्दी ओलांडून होणारे सहकार्य म्हणजे बैठका, करार आणि फोटो. यातले दुसरे मत शिकल्यासवरल्या माणसांत जास्त रुजले आहे. मला तेच अधिक घातक वाटते, कारण त्याच्या पाठीशी अनुभव आहे. सीमाभागातल्या माणसाने हद्दीवर तंटाच पाहिला: बेळगावचा प्रश्न, कृष्णेच्या पाण्यावरचे दोन लवाद, म्हादई, आणि २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टी धरणावरून झालेली वादावादी.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात अर्थ नाही. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे क्योटो करारातून निघालेली स्वच्छ विकास यंत्रणा. श्रीमंत देशाने गरीब देशातल्या प्रकल्पाला पैसा द्यावा आणि तिथे वाचलेले उत्सर्जन आपल्या खात्यावर जमा करून घ्यावे, अशी ती योजना. तिच्यात काही रासायनिक कारखान्यांना एचएफसी-२३ हा टाकाऊ वायू नष्ट करण्याचे श्रेय इतके किफायतशीर पडले की तो वायू तयार होत राहण्यातच त्यांचा फायदा दिसू लागला. अखेर २०१३ पासून युरोपीय संघाने ती श्रेये आपल्या बाजारात बंद केली. तोवर श्रेयाचा भाव टनाला एका युरोच्याही खाली घसरला होता. ‘सहकार्याच्या नावाखाली धंदा’ हा आक्षेप इथे शब्दशः खरा ठरतो.

पण यातून सिद्ध काय होते? हिशेब तपासणारा कुणी नसेल तर सहकार्य सडते, एवढेच. सहकार्य निरुपयोगी आहे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाने हिशेबातली अशीच भोके बुजवायला घेतली. २०२१ मध्ये ग्लासगोला ठरलेल्या नियमांनुसार देणाऱ्या देशाने आपल्या खात्यातून वजा केल्याशिवाय घेणाऱ्याला ती घट आपल्या उद्दिष्टात धरता येत नाही.

आणि क्योटोच्या गाजावाजाच्या त्याच काळात आपल्या राज्यात एक वेगळे सहकार्य चालू होते, त्याची आठवण हे टीकाकार काढत नाहीत. जर्मन सरकारचा पैसा, नाबार्डची देखरेख आणि गावाचे हात, असा भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात उभा राहिला. त्यामागे फादर हर्मन बाखर या स्वित्झर्लंडहून आलेल्या जेझुइटांची तळमळ होती; १९९३ मध्ये सुरू झालेली ‘वॉटर’ ही संस्थाही त्यातलीच. या कार्यक्रमाची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. पैसा आधी येत नसे. आधी गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, श्रमदान करून दाखवायचे, छोट्या क्षेत्रावर काम पार पाडायचे, गावाची पाणलोट समिती निवडायची. मगच मोठा निधी, आणि तोही समितीच्या खात्यावर. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या अवर्षणग्रस्त गावाचे उघडे डोंगर याच रीतीने पुन्हा गवत-झाडांनी झाकले गेले. झाड आणि माती कार्बन धरून ठेवतात, हे कुणी तेव्हा पाटीवर लिहिले नव्हते. तरी काम तेच होते. इथे परदेशी पैशाने गावाचा निर्णय हिरावला नाही. उलट गावाने निर्णय घेतल्याशिवाय पैसा हललाच नाही. ‘स्थानिक की सीमापार’ हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

उत्सर्जनाची थेट कपात हवी असेल, तर शिरवळचे उदाहरण घ्या. जर्मनीच्या तांत्रिक साह्याने गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेन वायूवर चालणारे वातानुकूलन यंत्र बाजारात आणले. इतर अनेक यंत्रांतला आर-४१०ए वायू किलोभर गळला, तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. प्रोपेनच्या बाबतीत हा आकडा काही किलोंवर येतो. कारखाना सातारा जिल्ह्यातला, कामगार इथलेच, ज्ञान मात्र दोन देशांचे. याला कागदी सहकार्य कोण म्हणेल?

आता आपल्या अंगणाकडे वळू, कारण आजऱ्याच्या वाचकाला जर्मनी लांब वाटेल. चंदगडच्या पठारावर पडणारा पाऊस तिलारीच्या विद्युतगृहातून उतरतो. तिथे ६० मेगावॅट क्षमतेचा संच कोळशाशिवाय वीज करतो, आणि पुढे तेच पाणी दोडामार्गातल्या धरणात साठून महाराष्ट्राबरोबरच गोव्याच्या शेतांना मिळते. धरणाच्या खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचलला, कारण पाण्याचा मोठा वाटाही त्याचाच. दूधगंगेच्या काळम्मावाडी धरणातही कर्नाटकाचा ४ टीएमसीचा हक्क ठरलेला आहे. तिलारीच्या विस्थापितांची परवड मला ठाऊक आहे, आणि ती कुठल्याही गौरवगीतात झाकली जाऊ नये. तरीही एवढे दिसतेच की जिथे वाटा आणि खर्च आधी लिहून ठेवला, तिथे वाद झाले तरी काम उभे राहिले.

हिरण्यकेशी नदीवर मात्र असे काही लिहिलेले माझ्या माहितीत नाही. आंबोलीजवळ उगम, आजरा, गडहिंग्लज, मग हुक्केरी तालुका आणि पुढे घटप्रभा. उन्हाळ्यात चित्री धरणातून पाणी सुटते, बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात, उपसाबंदीचे दिवस पडतात. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिटे खातो. आपल्या विजेतला कोळशाचा वाटा धरला, तर एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तासाला जवळजवळ तीन किलो. नदीची पातळी खाली गेली की तेवढेच पाणी चढवायला पंप जास्त वेळ चालतो. वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांची आवर्तने दोन राज्यांनी जुळवली, तर पिकाचे पाणी न तोडता हे तास कमी होतील. एकट्या आजऱ्याला किंवा एकट्या संकेश्वराला हे साधणार नाही.

उसाचे तर याहून स्पष्ट आहे. इथला ऊस गवसेच्या कारखान्याला जातो तसा हद्दीपलीकडेही जातो. संकेश्वरचा साखर कारखाना तर हिरण्यकेशीचेच नाव लावतो. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने ऊस राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि शेतकऱ्यांच्या विरोधानंतर थोड्याच दिवसांत ती मागे घेतली. भिंत घालून हा प्रश्न सुटत नाही, हे तेव्हाच कळले. फड पेटवून तोड करण्याची सवय मोडावी म्हणून जळीत उसाच्या दरात कपात करतात. पण अलीकडच्या कारखान्याने कपात लावली आणि पलीकडच्याने तोच ऊस बिनतक्रार घेतला, तर पेटलेला फड सरळ हद्द ओलांडतो. ज्या शेतकऱ्याने पाचट न जाळता सरीत कुजवले, त्याचेच नुकसान होते, शेजारच्याचा धूरही त्यालाच सोसावा लागतो.

‘एवढ्याशा तालुक्याचा धूर तो केवढा?’ असे यावर विचारले जाते. धूर थोडा आहे, हे मान्य. पण जगाचे उत्सर्जन अशाच थोड्या-थोड्या तालुक्यांची बेरीज आहे, आणि कृष्णेच्या खोऱ्यात हीच नदी-ऊस-पंपाची घडी कितीतरी ठिकाणी आहे. शिवाय तोटा केवळ हवेचा नाही. महापूर आला की त्याच्या खाली बुडणारा फड इथलाच असतो, आणि आजरा घनसाळ पिकवणाऱ्याला पावसाचे बिघडलेले वेळापत्रक कुठल्याही परिषदेच्या आधी समजते. २०१६ मध्ये या भाताला भौगोलिक मानांकन मिळाले. ते ज्या थंड, पावसाळी हवेवर मिळाले, ती हवा टिकवण्याची चिंता आपण दुसऱ्या कुणावर सोपवणार?

दोन्ही बाजूंच्या कारखान्यांनी हंगामाआधी बसून जळिताच्या कपातीचा एकच दर ठरवावा आणि त्या हंगामात किती जळीत ऊस आला, याची नोंद एकमेकांना द्यावी. त्याबरोबर हिरण्यकेशीच्या दोन्ही राज्यांतल्या पाटबंधारे अधिकाऱ्यांनी पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन बरगे घालण्या-काढण्याच्या तारखा एकाच कागदावर आणाव्यात. याला लवाद लागत नाही, परदेशी कर्जही लागत नाही. गाळप दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी सुरू होते, तेव्हा ही बैठक दिवाळीआधीच व्हायला हवी.