विश्रामबागवाड्याचें भाग्य

पुण्यांतील बाजीराव रस्त्यानें जाणाऱ्याची नजर एका लांबलचक लांकडी सज्जाकडे वळल्यावांचून राहत नाहीं. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरील कोरीव वेलपत्ती आणि दिवाणखान्याचें नक्षीदार छत यांनीं नटलेली ही वास्तु म्हणजे विश्रामबागवाडा. शनिवारवाड्याच्या वैभवाच्या कथा घरोघर ठाऊक आहेत. परंतु त्याचे तट, दरवाजे आणि जोतीं एवढेंच मागें राहिलें. मानानें धाकटा असलेला विश्रामबागवाडा मात्र छपरासह टिकला. हें भाग्य त्यास कोणाच्या हातून लाभलें, हें पाहण्यासारखें आहे.

वाडा बांधविला दुसऱ्या बाजीरावानें, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. काळ मोठा कठीण होता. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्याच्या वेशीवर पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. वर्ष सरतां सरतां बाजीरावानें वसईचा तह करून इंग्रजांचा आसरा घेतला, आणि पाठोपाठ पुणें प्रांतावर भयंकर दुष्काळ कोसळला. अशा दिवसांत धन्यास सुचली ती विश्रांतीची बाग! सहा वर्षें काम चाललें आणि सुमारें २ लक्ष रुपये खर्ची पडले. थोरल्या बाजीरावांचा शनिवारवाडा १७३२ सालीं प्रथम उभा राहिला, तेव्हां त्यास १६,११० रुपये लागले होते. मधल्या काळांत रुपयाचें मोल बदललें हें खरें. तथापि वृत्तींतलें अंतर या आंकड्यांवरून लपत नाहीं.

ज्या विसाव्यासाठीं एवढा खटाटोप झाला, तो बाजीरावास फार तर अकरा वर्षें लाभला. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली आणि पुणें सुटलें. पुढील जूनमध्यें पेशव्यानें शरणागति पत्करली व आठ लक्षांचा तनखा घेऊन गंगेकांठीं बिठूरची वाट धरली.

धनी गेला, पण वाडा ओस पडला नाहीं. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं येथें संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे विद्वानांस जी दक्षिणा वांटीत, तिच्याच निधींतून तिचा खर्च चाले. आरंभीं तिचें दार ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेंच उघडें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. १८५१ सालीं इंग्रजी शाळा तिला जोडली जाऊन पूना कॉलेज झालें. त्याच वर्षाच्या जानेवारींत तिकडे बिठूरास बाजीरावानें देह ठेविला. तेंच कॉलेज पुढें डेक्कन कॉलेज या नांवानें प्रसिद्ध झालें आणि १८६८ त येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. वाड्यांत सरकारी हायस्कूल राहिलें.

वाड्याची खरी कसोटी लागली ती १३ मे १८७९ च्या रात्रीं. बुधवारवाडा आणि विश्रामबाग या दोन्ही ठिकाणीं आग लावण्यांत आली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस; सरकारच्या मनांत संशयाचें वारें शिरलें आणि न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांचीहि धुळ्यास बदली झाली. शनिवारवाडा १८२८ मध्येंच अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडला होता. आतां बुधवारवाडाहि गेला, तो पुन्हां उभा राहिला नाहीं. विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग जळाला, बाकीचा वांचला. तेव्हां पुणेकरांनीं वर्गणी जमविली, नगरपालिकेनें भर घातली आणि जळालेला भाग पुन्हां बांधून काढला.

येथेंच या वास्तूचा इतिहास पालटला. पहिल्या वेळीं ती एका माणसाच्या सुखासाठीं रयतेच्या पैशानें उभी राहिली. दुसऱ्या वेळीं गांवानें आपण होऊन पैसा दिला, तो गांवाच्या उपयोगासाठीं. १९३० पासून १९५९ पर्यंत नगराचा कारभारच या वाड्यांतून चालला.

वापरानें घर जगतें, तसें तें झिजतेंहि. कचेऱ्यांच्या गर्दींत जुन्या नक्षीवर रंगाचे थर चढतात, चौकांत आडभिंती उभ्या राहतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं महापालिकेनें वाड्याच्या जतनाचें काम हातीं घेतलें. अशा कामांत घाई उपयोगाची नसते. वाड्याचा सांगाडा सागवानी. भिंती विटा व चुन्याच्या. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेहि. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला कीं ओल आंत कोंडते आणि आंतलें लांकूड कुजूं लागतें. म्हणून चुन्याच्या जागीं चुनाच घालावा लागतो. खांबाचा कुजका भाग तेवढा कापून जुन्याशीं नवा साग बेमालूम सांधावा लागतो. सुताराचा हात येथें वैद्याच्या हाताइतकाच जपून चालावा लागतो.

बाजीरावाची विश्रांति इतिहासजमा झाली. त्यानें बांधलेलें घर राहिलें, कारण वेळोवेळीं कोणाला तरी तें आपलें वाटलें. वास्तु बांधणाऱ्याचें नांव शिलालेखावर कोरतां येतें. राखणाऱ्यांचीं नांवें सहसा कोठेंच नसतात. विश्रामबागवाडा उभा आहे, तो मात्र त्या निनांवी वर्गणीदारांच्या पुण्याईवर.