लॅक्टेटाधिक्य, रक्तातील
निरोगी माणसाच्या रक्तात विश्रांतीच्या स्थितीत लॅक्टेटाचे प्रमाण दर लिटरमागे साधारणतः २ मिलिमोलांहून कमी असते. ते त्याहून वाढल्यास लॅक्टेटाधिक्य, तर ४ मिलिमोलांपलीकडे जाऊन रक्ताची अम्लताही वाढल्यास लॅक्टिक अम्लरक्तता म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून अन्य गंभीर विकाराचा निदर्शक होय.

इतिहास : कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक अम्ल वेगळे केले. मानवी रक्तातील त्याचे अस्तित्व जर्मनीत यूहान योझेफ शेरर यांनी १८४३ मध्ये प्रथम दाखविले. ते रक्त सूतिकाज्वराने दगावलेल्या स्त्रियांचे होते. ऑक्सिजन अपुरा पडल्यास लॅक्टिक अम्ल वाढते, असे त्रासाबुरो आराकी या जपानी शास्त्रज्ञांना १८९१ च्या सुमारास आढळले. फ्लेचर व हॉपकिन्स यांच्या बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांनी (१९०७) या मतास बळकटी आली. लॅक्टेट हा केवळ टाकाऊ पदार्थ नसून यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनविते, हे कार्ल व गर्टी कोरी यांनी १९२९ मध्ये दाखविले.

कारणे : कोहेन व वुड्स यांनी १९७६ मध्ये कारणांचे दोन वर्ग केले. पहिल्यात रक्तस्राव, हृदयदौर्बल्य, तीव्र अवसाद इ. ऊतकांना ऑक्सिजन न पोहोचण्याची कारणे येतात. दुसऱ्यात यकृताचे विकार, थायामिनाची न्यूनता, कर्करोग व काही औषधे मोडतात. मधुमेहावरील फेनफॉर्मिन हे औषध याच कारणास्तव अमेरिकेत १९७७ मध्ये व भारतात २००३ मध्ये बंद झाले. जंतुरक्ततेत दोन्ही वर्गांतील कारणे एकत्र आढळतात. ॲड्रेनॅलिनाच्या उद्रेकानेही लॅक्टेट वाढते. त्यामुळे केवळ आकड्यावरून ऑक्सिजनाची उणीव गृहीत धरणे योग्य नव्हे.

परिणाम : अवसादातील रुग्णाची स्थिती सुधारण्याजोगी आहे की नाही, याचा अंदाज लॅक्टेटावरून बांधता येतो, असे ब्रोडर व वाइल यांनी १९६४ मध्ये प्रतिपादिले. २०१६ च्या व्याख्येनुसार जंतुरक्तताजन्य अवसादात द्रव देऊनही रक्तदाब टिकविण्यास औषध लागते व लॅक्टेट २ मिलिमोलांहून अधिक राहते. अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आढळले. उपचारांनंतर लॅक्टेट उतरणे हे सुचिन्ह होय. मात्र उपचार मूळ कारणावरच करावे लागतात.

अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावातील अत्यवस्थ रुग्णास सु. ४० किमी. वरील सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्था. १९६३) रुग्णालयात हलविताना प्रारंभीचा वेळ मोलाचा असतो. जेथे ही चाचणी हाताशी नसते, तेथे बोटाचे टोक दाबून सोडल्यावर त्याची लाली ३ सेकंदांत परतते की नाही, हे पाहता येते. दक्षिण अमेरिकेतील ४२४ रुग्णांवरील चाचणीत (२०१९) या साध्या परीक्षेच्या आधारे केलेले उपचार लॅक्टेटाधारित उपचारांपेक्षा कमी प्रतीचे ठरले नाहीत. या गटात मृत्यू कमी झाले, तथापि तो फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता.