पिझो ट्विटरला क्रॉसओव्हर हवाच

घरच्या घरी ध्वनिवर्धक पेटी बांधणाऱ्या हौशी मंडळींना सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा उच्च स्वरांचा घटक म्हणजे पिझो ट्विटर. काळ्या प्लास्टिकचा हा छोटा भोंगा विकत घेताना ‘याला क्रॉसओव्हर लागत नाही, वूफरच्या तारांनाच जोडून टाका’ असा सल्ला बहुधा दुकानातच मिळतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष झाले की आवाज कर्कश होतो, ट्विटर निकामी होतो आणि प्रसंगी अ‍ॅम्प्लिफायरही जळतो.

छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) इलेक्ट्रॉनिक्सचे वावडे नाही. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या कारखान्यामुळे व्हिडिओकॉनचे नाव या शहराशी जोडले गेले. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून येथे आहे, तर विद्यापीठाच्या परिसरात ‘नाइलिट’ ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्था आहे. लग्नसराई, जयंत्या आणि गणेशोत्सव यांमुळे ध्वनिवर्धकांना मागणीही मोठी असते. म्हणूनच या लहानशा घटकाचे शास्त्र नीट समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

ट्विटरची रचना

नेहमीच्या ट्विटरमध्ये चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. पिझोमध्ये यांपैकी काहीच नसते. काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि जॅक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच्या उलट, विद्युतदाब दिल्यास स्फटिकाचा आकार किंचित बदलतो. पिझो ट्विटरमधील सिरॅमिकची पातळ चकती याच तत्त्वावर कंप पावते आणि तिला जोडलेला लहान कागदी शंकू हवा हलवतो. मोटोरोला कंपनीने १९७० च्या दशकात असे ट्विटर लोकप्रिय केले. आज बाजारात मिळणारे बहुतेक पिझो त्याच घडणीचे आहेत.

विद्युतदृष्ट्या ही चकती म्हणजे एक कपॅसिटरच होय. नेहमीच्या आकाराच्या भोंग्याची धारिता साधारणतः ०.१३ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. त्यामुळे त्याचा रोध वारंवारतेनुसार बदलतो : १ किलोहर्ट्झला सुमारे १२०० ओहम, १० किलोहर्ट्झला १२० ओहम आणि २० किलोहर्ट्झला अवघा ६० ओहम. खालच्या स्वरांना तो फारसा प्रवाह घेत नाही आणि भोंग्याच्या आकारामुळे ३ ते ४ किलोहर्ट्झच्या खाली त्याचा आवाजही झपाट्याने उतरतो. ‘क्रॉसओव्हर नको’ या समजुतीचे मूळ येथे आहे. मात्र प्रवाह कमी असला तरी खालच्या स्वरांचा पूर्ण विद्युतदाब चकतीवर पडतच असतो. ८ ओहमवर १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे २८ व्होल्ट देतो. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हा ताण चकतीला सोसावा लागतो आणि त्यातून उच्च स्वरांत विकृती मिसळते.

नेहमीची चूक

साध्या ट्विटरप्रमाणे पिझोलाही एक कपॅसिटर ओळीत जोडला की काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एका कपॅसिटरपुढे दुसरा कपॅसिटर ठेवला तर खालचे स्वर अडत नाहीत. केवळ दाब विभागला जातो आणि सर्व स्वर सारख्याच प्रमाणात क्षीण होतात. खालचे स्वर गाळायचे तर कपॅसिटरच्या पुढे रोध हवा, आणि तो पिझोपाशी नसल्याने आपणच द्यावा लागतो.

योग्य जोडणी

अ‍ॅम्प्लिफायरच्या धन टोकापासून प्रथम कपॅसिटर घ्यावा. त्याच्या दुसऱ्या टोकापासून ऋण टोकाकडे २२ ओहमचा रेझिस्टर जोडावा. त्याच बिंदूपासून ३३ ओहमचा दुसरा रेझिस्टर ओळीत घेऊन पिझोच्या धन टोकाला जोडावा. पिझोचे दुसरे टोक ऋण तारेला जाईल.

कपॅसिटरची किंमत काढण्यासाठी ६.२८, रोध आणि वारंवारता यांच्या गुणाकाराने १ ला भागावे. २२ ओहम आणि ४ किलोहर्ट्झसाठी उत्तर १.८ मायक्रोफॅरड येते. २.२ मायक्रोफॅरड वापरल्यास विभाजनबिंदू ३.३ किलोहर्ट्झपर्यंत उतरतो. २२ ऐवजी ८ ओहम घेतल्यास ४.७ मायक्रोफॅरड लागतो, पण रेझिस्टर अधिक तापतो. ५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची सारी शक्ती उच्च स्वरांत गेली असे मानले तर २२ ओहमवर १८ वॅट, तर ८ ओहमवर पूर्ण ५० वॅट उष्णता निर्माण होईल. संगीतात असे सहसा घडत नाही. तरीही १० वॅटपेक्षा कमी क्षमतेचा रेझिस्टर घेऊ नये आणि तो पेटीतील कापसाला टेकू देऊ नये. कपॅसिटर फिल्म प्रकारचा, किमान १०० व्होल्टचा असावा. ध्रुवता असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक येथे चालत नाही.

३३ ओहमचा रेझिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठी आहे. निव्वळ कपॅसिटरचा भार पडल्यास काही अ‍ॅम्प्लिफायर कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच आंदोलित होतात आणि तापतात. एकाच पेटीत चार-सहा पिझो समांतर जोडल्यास हा धोका वाढतो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा.

८ ओहमच्या वूफरला ४ किलोहर्ट्झसाठी सुमारे ०.३२ मिलिहेन्रीची कॉइल ओळीत पुरते. वूफरचा रोधही सर्व स्वरांना सारखा नसल्याने गणित ही केवळ सुरुवात समजावी आणि अखेरचा निर्णय कानाने घ्यावा. पिझोच्या तारा उलटसुलट जोडून पाहाव्यात. ज्या जोडणीत मानवी आवाज भरीव व सलग वाटेल ती कायम करावी. सोल्डर करताना टोकांना फार वेळ उष्णता देऊ नये, अन्यथा चकतीचा गुणधर्म क्षीण होतो.

आवाजाची पातळी

पिझो बहुधा वूफरपेक्षा चढा वाजतो. येथे वर सांगितलेली चूकच उपाय म्हणून कामी येते. ३३ ओहमनंतर, पिझोच्या लगत ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीत घातल्यास पातळी सुमारे ४ डेसिबलने उतरते, ०.१ घातल्यास ७ डेसिबलने. विभाजनबिंदू मात्र जवळजवळ जागेवरच राहतो. सुटे भाग शहरात न मिळाल्यास पुण्यातील तपकीर गल्ली आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड हे जुने आधार आहेतच.

ही पातळी उतरवणे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मानवी कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो आणि गोंगाटामुळे येणारे बहिरेपण प्रथम ३ ते ६ किलोहर्ट्झच्या दरम्यान दिसू लागते. पिझोचे काम नेमके याच पट्ट्यात सुरू होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्रीची वेळ १० ते सकाळी ६ अशी धरली जाते. पेटी घरच्या दिवाणखान्यासाठी असो वा मंडळाच्या मांडवासाठी, दोन रेझिस्टर आणि एक-दोन कपॅसिटर यांचा खर्च जळालेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी आहे. गेलेली श्रवणशक्ती तर कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही.