लाटसाहेबाचा बंगला आणि फुफीची बाटली

आमच्या नाटे गावात फुरशाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. यशवंतगडाच्या पडक्या भिंतीत, जांभ्याच्या गडग्यात, पातेऱ्याखाली, कुठेही ते असते. वीतभर लांबीचे, मातीच्याच रंगाचे. इंग्रजांनी 1862 साली रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारण्याचे बक्षीस वाढवले, तेव्हा आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी मारून आणली गेली. सरकारची तिजोरी घाबरली म्हणतात. फुरशी मात्र संपली नाहीत.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या फुफीला, म्हणजे आत्याला, फुरसे चावले. भाजावळीसाठी पातेरा गोळा करीत होती. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. कुणाची तरी जीप मिळाली, राजापूर गाठले. तोवर हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. संध्याकाळी इंजेक्शन मिळाले आणि फुफी वाचली. रिकामी बाटली अब्बांनी खिशात घालून घरी आणली. त्यावर ‘हाफकिन, परळ’ असे काहीसे होते. अब्बा बोटीवर खलाशी. मुंबईत असले की गावच्या जमातीच्या खोलीत उतरत. त्यांना मुंबई पाठ. म्हणाले, “हा तर लाटसाहेबाचा बंगला!”

पुढे बीएसाठी मुंबईला गेलो तेव्हा पहिल्या पावसाळ्यातच तो बंगला पाहून आलो. केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या शेजारी, झाडांच्या आड. पोर्तुगीजांच्या काळात इथे पाद्र्यांचा मठ आणि प्रार्थनास्थळ होते. अठराव्या शतकात कंपनी सरकारने ते ताब्यात घेतले. किल्ल्यातल्या गर्दीपासून दूर, ताडामाडांत, हवेशीर. गव्हर्नरांना गावाबाहेरचे घर हवेच होते. विल्यम हॉर्नबी 1771 पासून इथे राहू लागला. एल्फिन्स्टनने वास्तू वाढवली. जिथे प्रार्थना होत तिथे मेजवान्या झडू लागल्या. 1875 मध्ये इंग्लंडचा युवराजही इथेच उतरला होता.

पण परळ गावाबाहेर राहिले नाही. गिरण्या आल्या, धूर आला, चाळी आल्या. त्या चाळींत आमच्याच जिल्ह्यातली माणसे दाटीवाटीने राहू लागली. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी कॉलऱ्याने गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला, समुद्राच्या वाऱ्यावर हलवला. चाळीतल्यांना असा दुसरा पॉइंट नव्हता, हे मला त्या वास्तूच्या जिन्यात उभे असताना सुचले.

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला. माणसे मिळेल त्या बोटीने कोकणात पळाली. रिकाम्या पडलेल्या या बंगल्यात प्लेगचे रुग्णालय थाटले गेले. त्याच सुमारास वाल्देमार हाफकिन नावाचा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्याने प्लेगची लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

मला सर्वात भावली ती त्याची जंतू वाढवायची रीत. जंतूंना मांसाचा रस्सा लागतो. गाईचा म्हटला तर हिंदू टोचून घेणार नाहीत, डुकराचा म्हटला तर मुसलमान. हाफकिनने बकऱ्याचे मांस वापरले. वर तुपाचे थेंब टाकले. त्या तुपाखाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. स्वयंपाकघरातली ही समज कुठल्या विद्यापीठात शिकवत असतील असे वाटत नाही. तरीही लोक घाबरतच होते. तरुण आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांनी दंड पुढे केले.

10 ऑगस्ट 1899 रोजी गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी परळच्या बंगल्यात प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. मेजवान्यांच्या घरात आता लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. तो निर्दोष ठरायला 1907 उजाडले. 1925 मध्ये संस्थेला त्याचे नाव मिळाले, पण तोवर तो हिंदुस्थान सोडून गेला होता.

सापाच्या विषावरची लस नंतरची. नाग, मण्यार, घोणस आणि आमचे फुरसे, चौघांचे विष थोडे थोडे घोड्याला टोचायचे आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचे. पुढे हे काम पिंपरीच्या तबेल्यांत होऊ लागले. 1975 मध्ये औषधनिर्मितीचे महामंडळ संस्थेपासून वेगळे झाले.

फुफी पुढे वीस वर्षे जगली. लाटसाहेब म्हणजे कोण, हे तिला शेवटपर्यंत नीट कळले नाही. ती म्हणे, “कोण का असेना, त्याच्या घरात माझं औषध होतं.” ती बाटली अब्बांनी कितीतरी वर्षे कपाटात ठेवली होती. नंतर घर दुरुस्तीला काढले, त्या गडबडीत कुठे गेली कोण जाणे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)