खंदकवाले, बारगीर आणि बर्गी

इंग्रजीत एके काळी 'डिचर' असा एक शब्द प्रचारात होता. त्याचा अर्थ, कलकत्त्यात राहणारा युरोपियन. शब्द जरा हिणवणारा, क्लबात बसून एकमेकांची टर उडवताना वापरायचा. आज तो इंग्रजीतून पार गेला आहे. चांगल्या शिकलेल्या इंग्रजालाही तो सांगता येणार नाही. नागपूरकराला मात्र तो ठाऊक असायला हवा, कारण नागपूरहून निघालेल्या घोडेस्वारांच्या धास्तीतून तो जन्मला. (हल्लीची मुले 'त्याने मला डिच केले' म्हणतात, त्याच्याशी आपल्या या शब्दाचा काही संबंध नाही.)

मला हा शब्द भेटला तो 'हॉब्सन-जॉब्सन' नावाच्या कोशात. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी जमवलेला हा कोश 1886 साली निघाला. बर्नेल त्याआधीच, 1882 मध्ये, वारले होते. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या बोलण्यात जे देशी शब्द मिसळले, त्यांचा हा संग्रह. कोशाचे नावच मोठे मासलेवाईक आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या सोजिरांच्या कानांनी जसा ऐकला, त्याचे हे रूप. विल्यम क्रुक यांनी 1903 साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. विसरलेल्या शब्दांची आवड असणाऱ्याने हा कोश रात्री उघडू नये, झोपेचे खोबरे होते.

या कोशात कळते की इंग्रजांनी आपल्या तिन्ही इलाख्यांतल्या जातभाईंना टोपणनावे दिली होती. बंगालचे ते 'क्वाय-हाय', कारण दिवसभर 'कोई है' म्हणून नोकराला हाका मारणारे. मद्रासचे ते 'मल', मुळगातण्णीवरून. मुंबईचे ते 'डक', बोंबलावरून. ही तिन्ही नावे आळसावरून नाही तर खाण्यावरून पडलेली. 'डिचर' तेवढा निराळा. त्याच्या मागे भीती आहे, आणि त्या भीतीला तारीख आहे.

1742 च्या वसंतात नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर पंचेतच्या बाजूने बंगालात उतरले. चौथाईची मागणी होती. एप्रिलात बरद्वानजवळ त्यांनी नवाब अलिवर्दीखानाला घेरले. मे महिन्यात मीर हबीब या नवाबाच्याच फुटलेल्या सरदाराला बरोबर घेऊन स्वार मुर्शिदाबादेत शिरले आणि जगतशेठाची पेढी लुटली. मग हुगळीच्या पश्चिमेचा मुलूख बराच काळ त्यांच्या टापांखाली राहिला. कलकत्त्यात घबराट पसरली. तिथल्या देशी रहिवाशांनी कंपनीकडे परवानगी मागितली, की आम्ही आमच्या खर्चाने शहराभोवती खंदक खणतो. उत्तरेच्या सुतानुटीपासून दक्षिणेच्या गोविंदपूरपर्यंत सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. तेवढ्यात लक्षात आले की मराठे काही इकडे येत नाहीत. काम थांबले ते थांबलेच. ही हकीकत रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

म्हणजे पाहा, भोसल्यांचे स्वार कलकत्त्यावर कधी चालून गेले नाहीत. जे घडले नाही त्याचा हा खंदक. शिवाय पैसा देशी लोकांचा, आणि नाव पडले गोऱ्यांना. 'मराठा डिच'चे नुसते 'द डिच' झाले, 'द डिच' म्हणजेच कलकत्ता असा अर्थ आला, आणि तिथे राहणारा तो 'डिचर', आपल्या भाषेत खंदकवाला.

या अर्धवट खंदकाने पुढे आणखी एक काम केले. 1756 मध्ये अलिवर्दीचा नातू सिराजउद्दौला इंग्रजांवर बिथरला, तेव्हा त्याच्या मागण्यांत ही एक होती की इंग्रजांनी आपला खंदक बुजवावा आणि तटबंदी पाडावी. त्यातून कलकत्त्यावर चाल, मग क्लाइव्ह, मग प्लासी. प्लासीचे कारण नागपुरात शोधण्याइतका मी अभिमानी नाही. पण भांडणाच्या यादीत नागपूरच्या भीतीने खणलेला चर होता, एवढे खरे. 1799 मध्ये खंदकाच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. त्याचीच आजची नावे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रोड. बागबाजारात 'मराठा डिच लेन' अजून आहे. खंदक बुजला, गल्ली उरली.

इंग्रजीतली गोष्ट इथे संपते. पण त्याच घोडेस्वारांसाठी बंगालीत एक शब्द तयार झाला, तो मात्र मेला नाही. तो शब्द म्हणजे 'बर्गी'. आणि हा बर्गी म्हणजे आपला बारगीर.

बारगीर हा मुळात फारसी शब्द. 'बार' म्हणजे ओझे, 'गीर' म्हणजे घेणारा. ओझे वाहणारा तो बारगीर, म्हणजे खरे तर घोडा किंवा तट्टू. मराठी फौजेत तो घोड्यावरून स्वारावर आला. हे कसे झाले ते यूल-बर्नेलनाही नीट उमगलेले नाही, तसे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. माझा तर्क असा, की ज्याच्या अंगावर सरकारी घोड्याखेरीज स्वतःचे काहीच नाही, त्याची ओळख घोड्यावरूनच होणार. शिवाजी महाराजांच्या पागेत 25 बारगिरांवर एक हवालदार असे. घोडा सरकारचा, हत्यार सरकारचे, बारगिराचा फक्त जीव. याच्या उलट शिलेदार. अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्र. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. अर्थात त्याचा मान मोठा आणि पगारही मोठा.

इंग्रजांनी हे दोन्ही शब्द उचलले. 'सिलादार' पद्धतीची रिसाले त्यांच्या हिंदुस्थानी घोडदळात शंभर वर्षे चालली. जवान घोड्यासाठी स्वतःचा पैसा घालायचा, आणि ज्याच्याजवळ पैसा नसे तो दुसऱ्याच्या घोड्यावर 'बारगीर' म्हणून चढायचा. पहिल्या महायुद्धात ही व्यवस्था टिकली नाही, घोडे मेले की भरून देणार कोण? युद्धानंतर ती मोडली आणि दोन्ही शब्द इंग्रजीतून हद्दपार झाले. वस्तू गेली की शब्द जातो, यात नवल नाही.

नवल आहे ते मराठीत आणि बंगालीत. मराठीत फौज गेली तरी शिलेदार गेला नाही. एखाद्या मोहिमेचे शिलेदार, पक्षाचे शिलेदार, संघाचे शिलेदार असे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. शिलेदार आडनाव आहे. बारगीर मात्र ऐतिहासिक कादंबरीबाहेर सहसा दिसत नाही. कुणाही कार्यकर्त्याला 'तू आमचा बारगीर' म्हटलेले आवडणार नाही. बंगालीत अगदी उलटे झाले. तिथे शिलेदार कुणालाच माहीत नाही. ज्या फौजेत स्वतःचे घोडे असलेले शिलेदार होते, सरदार होते, दिवाण होते, ती सगळीच्या सगळी फौज 'बर्गी' झाली. सगळ्यात खालच्या माणसाचे नाव सगळ्यांना मिळाले. ज्याच्या दारात घोडा उभा राहतो, तो घोड्याची मालकी विचारत बसत नाही.

त्या धामधुमीला बंगालीत 'बर्गीर हांगामा' म्हणतात. हांगामा म्हणजे आपला हंगामा, तोही फारसीच. आपल्या बखरींत त्याच गोष्टीला 'स्वारी' म्हटले आहे, किंवा 'मुलूखगिरी'. हा मुलूखगिरी शब्दही पाहण्यासारखा आहे. परमुलखात फिरून खंडणी वसूल करणे हा त्याचा मूळ अर्थ. आज एखादा लेखक व्याख्यानांसाठी गावोगाव हिंडला की त्याची 'मुलूखगिरी' होते आणि आपण कौतुकाने वाचतो. आपल्या भाषेने त्यातली लूट काढून टाकली आणि नुसते फिरणे ठेवले. ज्यांच्या गावात ही मुलूखगिरी झाली त्यांच्या भाषेला ती सोय नव्हती.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' हे काव्य उपलब्ध आहे, त्याच्या पोथीवरचे साल 1751 च्या जवळचे पडते. गावे जळाली, माणसे पोथ्या, तराजू, जाळी, ज्याचे जे साधन ते घेऊन नदीपलीकडे पळाली, बायकांवर अत्याचार झाले, हे त्यात जातवार, धंदेवार सांगितले आहे. विणकर पळाल्याची तक्रार कंपनीच्या कागदांतही आहे. यादव माधव काळे यांनी 1934 साली 'नागपूर प्रांताचा इतिहास' लिहिला. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर आहे. आमच्या बाजूची साधने वाचताना आकडे येतात ते चौथाईचे, सरदारांचे, कूचमुक्कामांचे. मी दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या आहेत आणि माझे मत सांगतो: गंगारामाला नुसता शत्रूचा भाट म्हणून बाजूला सारता येत नाही. तो पाप वाढल्यामुळे देवानेच मराठ्यांना पाठवले अशी सुरुवात करतो, आणि मग त्याच मराठ्यांचे वागणे पाहून देवी त्यांच्यावर कोपली असे दाखवतो. हा माणूस हिशेब दोन्हीकडून मांडतो आहे.

बंगालातले अंगाईगीतही सर्वांना माहीत आहे. धंतोलीत बंगाली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांची दुर्गापूजा नागपूरकरांना नवी नाही. अशाच एका काकूंनी मला त्या गीताचा अर्थ सांगितला. मूल झोपले, आळी शांत झाली, देशात बर्गी आले. धान पाखरांनी खाल्ले, आता सारा कशाने भरायचा? काकू हे हसत सांगत होत्या. नातवाला म्हणताना बर्गी म्हणजे कोण असे कधी मनात आले का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, 'बर्गी म्हणजे बागुलबुवा. तुमचे लोक होते हे मला नागपुरात आल्यावर कळले.'

शेवट काय झाला तेही सांगायला हवे. 1742 च्या नवरात्रात भास्कररामांनी काटव्याजवळ दाईंहाट येथे थाटाने दुर्गापूजा मांडली. पूजा चालू असतानाच अलिवर्दीने नदी ओलांडून छापा घातला आणि मराठ्यांना ती अर्धी टाकून निघावे लागले. 1743 मध्ये स्वतः रघूजी आले, तर नवाबाच्या मदतीला साक्षात नानासाहेब पेशवे! कोणते मराठे आपल्या बाजूचे आणि कोणते शत्रूचे हे बंगाली शेतकऱ्याला कसे कळावे? 1744 च्या मार्चअखेर अलिवर्दीने भास्कररामांना तहाच्या बोलण्यासाठी मानकरा येथे तंबूत बोलावले आणि सोबतच्या 21 सरदारांसह दग्याने मारले. त्यानंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. 1751 च्या तहात वर्षाला 12 लाख रुपये चौथाई ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला, तो 1803 च्या देवगावच्या तहापर्यंत राहिला.

त्यानंतर नागपुरात इंग्रजीचा एक नवा शब्द कायमचा येऊन बसला, 'रेसिडेंट'. दरबारात बसणारा कंपनीचा वकील. एल्फिन्स्टन इथे रेसिडेंट होता, मग जेंकिन्स आला तो 1827 पर्यंत. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई याच रेसिडेन्सीच्या अंगणात झाली. आज सदरमध्ये रेसिडेन्सी रोड आहे, पण 'रेसिडेंट' म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे येतो तो मेडिकलमधला संपावर गेलेला निवासी डॉक्टर. सिंहासने हलवणारा हा शब्दही शेवटी स्टायपेंड मागू लागला.

आणि बंगालची स्वारी? तिची एक खूण महालात अजून दरवर्षी निघते. विदर्भात पितृपक्षाला हडपक म्हणतात. इतरत्र गणपती बोळवून झाले की भोसल्यांच्या वाड्यात हडपक्या गणपती बसतो. त्यालाच मस्कऱ्या गणपती असेही म्हणतात, कारण त्याच्यापुढे लावणी, सोंगे, थट्टामस्करी असा कार्यक्रम असे. परंपरा अशी सांगते की भोसल्यांपैकी खंडोजी ऊर्फ चिमणाबापू बंगालच्या स्वारीवरून परतले तेव्हा नेहमीचा गणपती विसर्जित झाला होता, म्हणून विजयाच्या आनंदात त्यांनी पितृपक्षातच दुसरा बसवला.