माथ्यावरचे कष्ट, पायथ्याचे पाणी

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जुन्या मिशन केंद्रांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना 'हरिभाऊ' कोण हे निराळे सांगावयास नको. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू. १९४८ साली ते भारतात आले आणि पुढे नगरच्या कोरडवाहू मुलखात इतके रुळले की शेतकऱ्यांनी त्यांचे बारसेच नव्याने केले. हे लिखाण मात्र त्यांचे चरित्र नव्हे. गरीब देशातील एखाद्या गावाचा विकास करावयाचा, तर त्याची योजना कोणी आखावी, तिचा पैसा कोणाच्या हाती असावा आणि तिच्यासाठी झीज कोणी सोसावी, या तीन प्रश्नांना नगर-पुण्याच्या पट्ट्यात जी उत्तरे दिली गेली, त्यांचा हा थोडासा इतिहास आहे.

आरंभ १९७२ च्या दुष्काळापासून करणे भाग आहे. सलग अपुऱ्या पावसाने विहिरी आटल्या, वैरण संपली, जनावरे बाजारात मातीमोल गेली. सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायका, कडेला झोळीत निजलेले मूल आणि दुपारच्या सुट्टीत वाटली जाणारी सुकडी हे चित्र त्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही. त्या कामांनी माणसे जगवली, ही गोष्ट लहान नव्हे. रोजगार हमी योजनेचा पाया तेथेच पडला. पण फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले, आणि पुढच्या कमी पावसात पुन्हा तीच पाळी आली. धर्मादाय संस्थांचे व मिशनांचे मदतकार्यही त्या काळी मुख्यतः विहिरींवर भर देणारे होते. विहीर खणा, खोल करा, पंप बसवा. परंतु विहीर पाणी निर्माण करीत नाही, ती फक्त उपसते. जमिनीत मुरलेच नाही, ते वर कोठून येणार?

योजना वरून आखावयाची आणि गावाने ती राबवून घ्यावयाची, ही त्या काळची सर्वत्र रूढ झालेली रीत होती. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. हेतू उदात्त होता, ग्रामसेवक उत्साही होते. पण पाचच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीला असे आढळले की लोकांचा पुढाकार काही त्यातून जागा झालेला नाही. परदेशातील दाखला याहून विदारक आहे. महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमुगाची प्रचंड योजना हाती घेतली. कागदावर सुमारे ३२ लाख एकर जमीन, सहा वर्षांची मुदत आणि २ कोटी ४० लाख पौंडांचा खर्च होता. १९४७ साली कोंगवा येथे यंत्रे उतरली. तेथील माती पावसाळा सरताच विटेसारखी कडक होते आणि शेंगा जमिनीतून निघत नाहीत, हे यंत्रे मोडू लागल्यावर ध्यानी आले. १९५१ च्या जानेवारीत योजना गुंडाळली गेली, तेव्हा साडेतीन कोटींहून अधिक पौंड मातीत गेले होते. त्या मातीची नांगरट पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या माणसांचा सल्ला घ्यावा, असे योजनाकारांना वाटले नव्हते.

आता नगरकडे वळू. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस थोडा पडतो आणि जो पडतो तो चार-दोन झडींत पडून जातो. खाली काळा कातळ, वर उघडे डोंगर, त्यांवर वीतभर माती. झाडे तुटली, गवत खुरटले की पहिल्या सरीबरोबर माती ओढ्यात जाते आणि पाणी तिच्यामागून धावते. त्यास उपाय एकच: पाण्याला माथ्यावरच अडवून चालते करावयाचे, धावू द्यावयाचे नाही. डोंगरावर समतल चर, त्याखाली ओघळींना दगडी बांध, शेतांना बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर बंधारा किंवा पाझर तलाव, हा क्रम. 'माथा ते पायथा' असे त्याला म्हणतात. बंधारा आधी बांधला आणि माथा तसाच उघडा ठेवला, तर दोन-चार पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. पुढाऱ्यांना बंधारा प्रिय असतो, कारण त्याचे उद्‌घाटन करता येते. चराचे उद्‌घाटन कोण करणार?

या विचाराला मोठे रूप आले ते भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो महाराष्ट्रात उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, तिकडील विकास बँकेमार्फत येणारा. इकडे तो नाबार्डच्या हाती. आणि गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी स्थापलेली 'वॉटर' ही संस्था. राळेगण सिद्धी याच जिल्ह्यातले, त्यामुळे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान हे शब्द येथील लोकांना नवे नव्हते.

या कार्यक्रमाच्या आखणीत तीन गोष्टी मला विशेष वाटतात. गाव निवडले म्हणजे पैसा आला, असे तेथे नव्हते. आधी गावाने श्रमदान करून दाखवावयाचे, ग्रामसभेने चराईबंदीचा ठराव करावयाचा, मग वर्ष-दीड वर्ष लहानशा क्षेत्रावर काम करून हिशेब ठेवण्याची व भांडणे मिटवण्याची सवय लावून घ्यावयाची. त्यानंतरच पूर्ण प्रकल्पाचा विचार. दुसरी गोष्ट शिवार फेरीची. प्रत्येक शेताच्या बांधावर त्या शेताच्या धन्याला व त्याच्या घरधनिणीला उभे करून, येथे बांध घालायचा की झाडे लावायची, हे त्यांच्याशी बोलून ठरे. कार्यालयातल्या नकाशावर रेघ ओढणे सोपे. पण ती रेघ ज्याच्या शेतातून जाते, त्याला ती मान्य नसेल तर पहिल्याच नांगरटीला बांध मोडतो. आणि तिसरी गोष्ट पैशाची. ग्रामसभेने निवडलेल्या पाणलोट समितीच्या बँक खात्यात निधी जमा होई, मजुरी समिती वाटे, आणि अकुशल मजुरीच्या १६ टक्क्यांइतका वाटा गावाने श्रमरूपाने उचलावा लागे. खेडुतांच्या हाती लाखोंचा हिशेब द्यावा की नाही, याविषयी पुष्कळांनी तेव्हा माना हलविल्या असतील. पण ज्याच्या हाती चावी नाही, त्याला तिजोरीची राखण करा म्हणणे व्यर्थ आहे.

इथवरची कथा सर्वांस आवडण्याजोगी आहे. पुढची थोडी बोचरी आहे, आणि आपल्या समाजाने ती अधिक लक्षपूर्वक ऐकावी, कारण नगर जिल्ह्यातील आपली पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन वा अल्पभूधारक राहिली आहेत.

गावाची रचना डोळ्यांपुढे आणा. माथ्यावर वनखात्याची जमीन आणि गायरान. तेथे शेळ्या-मेंढ्या चरतात, बायका सरपण गोळा करतात; हे सारे बहुधा ज्यांना स्वतःची जमीन नाही त्यांचे. पायथ्याला काळी जमीन, विहिरी, बागायत; ती ज्यांची आहे, ते गावात दोन शब्द बोलू शकतात. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत हात वर करून होतो. डोंगर बंद होतो. माथ्यावर मुरलेले पाणी दोन पावसाळ्यांनंतर पायथ्याच्या विहिरीत उतरते. म्हणजे सोसले एकाने आणि पाणी भरले दुसऱ्याच्या विहिरीला! शेळी ही भूमिहीन बाईची बँक असते. आजारपणात, मुलीच्या लग्नात, पोराच्या फीसाठी ती मोडता येते. 'शेळ्या विका, संकरित गाय घ्या,' हा सल्ला ज्याच्या घरी कडबा आहे त्याला ठीक. चार-पाच वर्षे चर खणण्याची मजुरी गावातच मिळाली, स्थलांतर थांबले, हे खरे. पण काम संपले की मजुरीही संपते.

ही अडचण कार्यकर्त्यांना दिसत नव्हती असे नाही. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे हे गाव. तेथे १९९६ च्या सुमारास काम सुरू झाले. अशा गावांतून मेंढपाळांशी वाटाघाटी करून डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणे, बंद क्षेत्रातील गवत कापून नेऊ देणे, बायकांचे बचत गट उभारणे, असे मार्ग निघाले. ते उपयोगी पडले. परंतु ते मलमपट्टीचे मार्ग होते, कारण मुरलेल्या पाण्याचा मालक कोण, हा प्रश्न कराराच्या कोणत्याही कलमात नव्हता.

तो प्रश्न विचारणारा माणूस शेजारच्या पुणे जिल्ह्यात होता. विलासराव साळुंखे हे अभियंते व कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील खडी फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले आणि नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेऊन १९७४ पासून प्रयोग करू लागले. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येने द्यावयाचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला अधिकांत अधिक अडीच एकरांपुरते. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा, जो तो कोणा शेतकऱ्याशी वाट्याने करून वापरू शकेल. २००२ साली साळुंखे निवर्तले. त्यांच्या योजना पुरंदरच्या परिसरात पुष्कळ झाल्या, पण राज्याने त्यांचा मुख्य नियम काही उचलला नाही. ज्यांच्याकडे जमीन व मते दोन्ही आहेत, त्यांना तो मानवणारा नव्हता, हे उघड आहे.

पाणलोटाची कल्पना मात्र सरकारने उचलली. १९९५ पासून केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी गाव-समित्यांना स्थान दिले. १९९९-२००० मध्ये नाबार्डकडे २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभा राहिला, आणि त्याची घडण बऱ्याच अंशी महाराष्ट्रातील या अनुभवावरच झाली. पुढे २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानात ओढे यंत्रांनी खोल केले गेले. पुष्कळ ठिकाणी पाणी दिसले. परंतु श्रमदान गेले आणि श्रमदानासाठी भरणारी सभाही गेली. यंत्राला ठराव लागत नाही.

फादर बाखर नव्वदी ओलांडून २०२१ मध्ये परलोकवासी झाले. त्यांच्या हयातीतच पाणलोटाच्या अनेक गावांत नवी गोष्ट घडू लागली होती. विहिरींना पाणी आले, कांदा आला, डाळिंब आले, आणि मागोमाग बोअरवेलच्या गाड्या आल्या. गावाने मिळून दहा वर्षांत मुरवलेले पाणी एकेका शेतकऱ्याला एकेका उन्हाळ्यात उपसता येऊ लागले. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१३ साली राष्ट्रपतींच्या संमतीने मंजूर झाला. खोल विहिरींवर बंधन घालण्याची तरतूद त्यात आहे. पण रात्री बोअरची गाडी वेशीतून आत येते, तेव्हा तिला अडविण्यासाठी कोणी उठावे, हे अजून बहुतेक ग्रामसभांनी ठरविलेले नाही.